जुनी वही बंद करताना

प्रोग्रॅममधला प्रत्येक बदल कोणी, कधी आणि का केला, याची वही संगणकावर ठेवलेली असते. वही ठेवण्याची पद्धत बदलली की जुनी वही बंद करावी लागते. हे निव्वळ तांत्रिक काम, असे आम्ही समजत आलो. तसे ते आहे काय?

लिनक्सचेच पाहा. 2002 पासून त्याच्या नोंदी 'बिटकीपर'मध्ये होत. 2005 मध्ये त्याचा मोफत परवाना गेला. लायनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये 'गिट' लिहिले आणि त्याच महिन्यात लिनक्स त्यात आणले. मागचा इतिहास मात्र घेतला नाही, तो 3.2 गिगाबाइट भरत होता. म्हणून आजही एखाद्या जुन्या ओळीचा कर्ता विचारला, की गिट त्या पहिल्या नोंदीपाशी थांबते आणि नाव सांगते टोरवाल्ड्स यांचे. ओळ असते दुसऱ्याच कोणाची. खोटे कोणीच बोललेले नाही, तरी श्रेय हलले. (जुना इतिहास वेगळा जोडून घेता येतो, हे खरे. एवढे कष्ट कोण घेतो?)

'जीसीसी'वाले जानेवारी 2020 मध्ये सबव्हर्जनहून गिटवर आले, ते सारा इतिहास घेऊन. मूळ लेखकांची नावे त्यांनी बदलांच्या जुन्या टिपणांतून काढून नव्या वहीत चढवली.

आम्ही मात्र घाईत असतो. जागा वाचते, खर्च वाचतो. पण काम सोडून गेलेल्या माणसाचे नाव ही आमच्याकडे राहिलेली अमानत आहे. ती नव्या वहीत नेता येत नसेल, तर जुनी निदान वाचण्यापुरती उघडी ठेवावी आणि नवीच्या पहिल्या पानावर तिचा पत्ता लिहावा.