कचऱ्यालाही वजन असते

कारंजा तालुक्यातल्या आमच्या कामरगावात दिवाळीच्या सुमारास कापसाची पहिली वेचणी सुरू होते. सोयाबीनने अलीकडे पुष्कळ शेते व्यापली. तरी माझ्या तीन एकरांत मी अजून कापूसच लावतो. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर; फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. तेव्हा शेतीतले मला फारसे कळते असे गावात कोणी मानत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण वेचणीच्या दिवशी संध्याकाळी काट्यापाशी मीच उभा असतो. वेचणाऱ्या बायकांची मजुरी किलोवर ठरलेली असते, आणि आकडे मांडणे हे तर मास्तराचेच काम!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तरुण बाईचा कापूस ३८ किलो भरला, तर साठी उलटलेल्या एका आजींचा २४. आजींचा ढीग मात्र सायीसारखा होता. त्यात वाळली पत्ती नव्हती, काडी नव्हती, कवडी नव्हती. ओल्या कापसाचे वजन जास्त भरते, हे ठाऊक असूनही दहिवर उडेपर्यंत त्यांनी बोंडाला हात लावला नव्हता. मी म्हणालो, "आजी, असे काम गावात दुसऱ्या कोणाचे नाही!"

पदर सावरीत त्या म्हणाल्या, "खरं हाय जी, मास्तर. पण कचऱ्यालेबी वजन असते ना!"

मी हसलो, आणि २४ किलोंचे पैसे त्यांच्या हातावर ठेवले. घरी येईपर्यंत ते हसू मावळले होते.

ते शब्द पुन्हा आठवले पुढच्या फेब्रुवारीत. १२ ते १८ फेब्रुवारी हा आठवडा राष्ट्रीय उत्पादकता परिषद दर वर्षी उत्पादकता सप्ताह म्हणून पाळते. त्याविषयी मुलांना चार गोष्टी सांगाव्यात असे मनात आले. ही परिषद १९५८ साली स्थापन झाली. थोड्या सामग्रीत, थोड्या वेळात, थोड्या श्रमात अधिक आणि चांगले काम कसे व्हावे, हे शिकवणे हा तिचा हेतू. कारखान्यातल्या कामाची पाहणी करावी, विजेची नासाडी कोठे होते ते शोधून द्यावे, प्रशिक्षण वर्ग चालवावेत, अशी तिची कामे. उत्पादन म्हणजे किती निपजले. उत्पादकता म्हणजे जेवढे खर्ची घातले त्याच्या मानाने किती निपजले. हे मी फळ्यावर वेचणीचेच उदाहरण घेऊन समजावले. तेव्हा एक मुलगी म्हणाली, "पण गुरुजी, त्यातला कचरा कोण मोजणार?" तिची आई वेचणीला जाते.

अशा वेळी आपल्याकडे एक उत्तर तयार असते: काम मन लावून करावे, फळाची आशा धरू नये. मीही ते अनेकदा दिले आहे. परंतु हे वचन माणसाने स्वतःला सांगितले तर ती साधना. दुसऱ्याची मजुरी मोजताना सांगितले तर ती सोय. चांगल्या कामाची शिक्षा ज्या काट्यावर होते, त्या काट्याच्या मालकाने चांगल्या कामाचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा?

हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत १९२८ साली कामगारांनी सुमारे सहा महिने संप केला. एका माणसाने पूर्वीपेक्षा अधिक माग चालवावेत, या योजनेला विरोध हे त्याचे एक मोठे कारण होते. कामगार आळशी होते असे नव्हे. वाचलेल्या श्रमाचे फळ कोणाच्या पदरात पडणार आणि भाकरी कोणाची जाणार, हे त्यांना दिसत होते. जपानात १९५५ साली उत्पादकता केंद्र निघाले, तेव्हा तिथल्या लोकांनी आरंभीच तीन तत्त्वे मांडली: रोजगार वाढावा, मालक-मजुरांनी एकमेकांशी विचारविनिमय करावा, आणि फळाची वाटणी मालक, मजूर व ग्राहक यांच्यात न्यायाने व्हावी. आपल्या परिषदेतही सरकार, मालक आणि कामगार संघटना यांचे प्रतिनिधी एकत्र बसतात.

मला त्या संस्थेचे खरे मोल या एकत्र बसण्यात वाटते. हातात घड्याळ घेऊन मजुराच्या मागे उभा राहणारा माणूस कोणालाही नेमता येतो. माप कोणते असावे हे मात्र एकट्या मालकाने ठरवले, तर सोपे तेवढेच मोजले जाते. आणि वजन मोजणे सर्वांत सोपे! डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९५० साली जपानी कारखानदारांना गुणवत्तेचे धडे दिले. माणसापुढे आकड्याचे लक्ष्य टांगले की कामाचा दर्जा ढासळतो, असे ते पुढे आग्रहाने सांगत. आमच्या आजींनी तेच चार शब्दांत सांगितले होते. फक्त, त्यांची कोणती संघटना नाही, आणि त्यांच्यासाठी त्या बैठकीत खुर्चीही नाही.

गेल्या वर्षी मी वेचणीला दोन दर ठेवले; स्वच्छ कापसाला किलोमागे अधिक. बायकांनी आठवड्याभरात हात बदलला. मग मोठ्या तोऱ्याने मी तो कापूस विकायला नेला. व्यापाऱ्याने ढिगात हात घालून पाहिला, "माल छान आहे, मास्तर," म्हणाला, आणि भाव दिला तो सर्वांना दिला तोच. त्या क्षणी मी आजींच्या जागी उभा होतो. वरचे पैसे माझ्या खिशातून गेले. पत्नी म्हणाली, "कादंबरीचे मानधन काट्यावर गेले म्हणायचे!"

एकट्याच्या चांगुलपणाने बाजाराचा काटा बदलत नाही, आणि म्हणूनच अशा संस्था असाव्या लागतात. पण त्या आपल्या शेताच्या बांधापर्यंत येईतो आपल्या हातातल्या काट्याचे काय, हा प्रश्न ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो.

यंदाही पऱ्हाटी फुटू लागली आहे. परवा वाटेत आजींनी विचारले, "यंदाबी दोन भाव का जी, मास्तर?"

"हो," मी म्हणालो. हे लिहून ठेवतो आहे ते एवढ्यासाठी, की संध्याकाळी काट्यापाशी उभे राहिल्यावर मला माझा शब्द आठवावा.