थापटण्याने काय कळते?

तेरला गोरोबाकाका कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली आणि मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. नामदेव कच्चे मडके ठरले. ही आख्यायिका आहे, इतिहासाचा पुरावा नव्हे. तरी तिच्यातली एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. परीक्षा मांडणारी होती अवघे अठरा वर्षांचे आयुष्य लाभलेली मुलगी, आणि पाहायचा होता तो पक्केपणा. डोके बाईचे की पुरुषाचे, हा प्रश्नच तिथे नव्हता. आजच्या बुद्धिचाचण्यांकडून मात्र नेमके तेच वदवून घेण्याचा हट्ट धरला जातो.

फरक मुळीच नाहीत असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. एखादी आकृती मनातल्या मनात फिरवून ओळखण्याच्या चाचणीत पुरुषांची सरासरी बरीच वर येते, आणि हे वारंवार दिसले आहे. पण मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये अशा संशोधनांचे ४६ एकत्रित आढावे तपासले, तेव्हा ७८ टक्के फरक किरकोळ किंवा नगण्य निघाले. उरलेले तरी निसर्गदत्तच, असे कोणी म्हणेल. त्यावर ईशान्य भारतातल्या २०११ च्या अभ्यासाकडे बोट दाखवावे लागते: आकृती जुळवण्याच्या कोड्यात पितृवंशीय कार्बींमध्ये पुरुष पुढे होते, शेजारच्या मातृवंशीय खासींमध्ये ती तफावत आढळली नाही. एका अभ्यासाने निसर्ग बाद होत नाही. पण परिस्थितीला बाजूला सारून निकाल देता येत नाही, एवढे नक्की.

मग पारलिंगी व्यक्तीचे काय? तिचे गुण ‘बायकी’ सरासरीजवळ आले तरच ती खरी, हा युक्तिवाद मुळातच फसवा आहे. सरासरी समूहाची असते; आकृती झटपट फिरवणारी बाई त्यामुळे पुरुष ठरत नाही. ‘मोजता येत नाही, तर ओळख म्हणजे निव्वळ कल्पना का?’ हा आक्षेप वजनदार आहे. पण श्रद्धा तरी कुठे मोजता येते? येरमाळ्याच्या देवीच्या यात्रेत साडी नेसून परडी घेतलेल्या पुरुष आराध्याला आपण पुरावा मागत नाही, नमस्कार करतो. तीच साडी यात्रेबाहेर दिसली की मात्र आपल्याला शंका सुचतात. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा ठरवली. बुद्धिचाचणीची अट तर तिथे कोणी मांडलीही नव्हती.