आजचं चिंतन : देणं आणि द्यायला लावणं (गीता, अध्याय १७, श्लोक २० आणि २१)



सतराव्या अध्यायात भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. आज त्यातले पहिले दोन पाहू. द्यायला हवं म्हणून दिलेलं, परतफेडीची आशा नसलेलं, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं दान सात्त्विक. काहीतरी परत मिळावं म्हणून, फळावर डोळा ठेवून, किंवा मनाला क्लेश होत असताना दिलेलं दान राजस. हे श्लोक मी कितीतरी वेळा वाचलेत. पण त्यातला ‘क्लेश होत असताना’ हा भाग मला कळला तो मुंबई मॅरेथॉनच्या निमित्ताने.

झालं असं. माझी भाची नववीत आहे. एका नटावर तिचा फार जीव. खोलीत त्याचे फोटो, फोनवर त्याचंच गाणं. दर जानेवारीत होणाऱ्या मॅरेथॉनमधल्या ‘ड्रीम रन’ला तो येणार, असं तिच्या मैत्रिणींत पसरलं. ही साधारण सहा किलोमीटरची धाव. तिथे वेळ मोजत नाहीत, नंबर काढत नाहीत. लोक फलक घेऊन, वेष करून, एखाद्या संस्थेसाठी पैसे गोळा करत धावतात. भाचीने एक संस्था निवडली. मुलाच्या कॅन्सरच्या उपचारासाठी गावाहून मुंबईला येणाऱ्या कुटुंबांची राहण्या-जेवणाची सोय ती संस्था करते. परळच्या फुटपाथवर पथारी टाकून राहणारी माणसं ज्यांनी पाहिलीत, त्यांना हे काम काय आहे ते सांगायला नको.

तिचं लक्ष्य होतं २५,००० रुपये. मनात मात्र एकच, तो दिसावा. ताईला हे पटत नव्हतं. “हिला कसली सेवा, हिला सेल्फी हवाय,” ती म्हणाली. मला तेव्हा तिसऱ्या अध्यायातला २६वा श्लोक आठवला. फळाच्या ओढीने का होईना, जो कर्म करतोय त्याची बुद्धी ढळवू नये, जाणत्याने स्वतः नीट कर्म करून त्याला करू द्यावं, असा त्याचा भाव आहे. म्हटलं, करू दे तिला. नटासाठी निघालीय, वाटेत पेशंटची आई भेटेल.

आणि तसंच झालं. सोसायटीत दारोदार फिरताना दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तिला पंधरा मिनिटं बसवून घेतलं. पैसे नक्की कुणाला जातात? मुलाबरोबर आईला राहता येतं का? स्वयंपाक कोण करतं? भाचीला अर्ध्या प्रश्नांची उत्तरं येईनात. ती घरी आली, संस्थेला फोन केला, सगळं लिहून घेतलं आणि परत वर गेली. आजींनी मग २०० रुपये दिले. गीतेत देश, काळ आणि पात्र पाहून द्यावं म्हटलंय, ते हेच. दोन हजार न बघता देणारेही होते, पण पाहून दिलं ते आजींनी. त्या दिवसानंतर भाचीच्या बोलण्यात नट कमी आणि संस्थेतली मुलं जास्त येऊ लागली.

आता माझी गोष्ट. मामा म्हणून मी तिची लिंक ऑफिसच्या टीमच्या ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, “छोटीशी मदत करा.” मी टीम लीड आहे. अप्रेझलचे दिवस होते. पेजवर कुणी किती दिले ते नावासकट दिसायचं. तासाभरात वरच्या तिघांनी मोठ्या रकमा टाकल्या. त्यांच्यापाठोपाठ एका पोराने ३,००० रुपये दिले. त्याला नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष झालंय. मला फार बरं वाटलं. भाचीला फोन करून सांगितलंसुद्धा, बघ, माझी टीम कशी आहे!

महिनाअखेरीला चहाच्या टपरीवर सहज कळलं, की त्याने ते पैसे रूममेटकडून उसने घेतले होते. त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो संकोचला. म्हणाला, “सर, तुम्ही लिंक टाकली होती. सगळ्यांनी दिले होते. २०० मी मनापासून दिले असते.”

मंडळी, तिसऱ्या अध्यायातच सांगितलंय, श्रेष्ठ माणूस जसं वागतो तसं बाकीचे वागतात, तो जे प्रमाण मानतो त्यामागे लोक जातात. हा श्लोक मी कायम मोठ्या लोकांना लावत आलो. नटांनी कसं वागावं, पुढाऱ्यांनी कसं वागावं. माझ्या आठ जणांच्या टीममध्ये तो ‘श्रेष्ठ’ मीच आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एका मुलाच्या हातून मी क्लेशाचं दान करवून घेतलं आणि त्याचा आनंद स्वतः उपभोगला.

अशा वेळी कॅनडाच्या टेरी फॉक्सची आठवण होते. १९७७ मध्ये, अठराव्या वर्षी, कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पायावर देशाच्या पूर्व टोकापासून धावायला निघाला. प्रत्येक देशवासीयाने कॅन्सरच्या संशोधनासाठी एक डॉलर द्यावा, एवढंच त्याचं मागणं. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर कापले, मग कॅन्सर फुप्फुसात पोचल्याने थांबावं लागलं. पुढच्या वर्षी तो गेला. वाटेत तो देशभर प्रसिद्ध झाला, पण त्या प्रसिद्धीचा पैसा त्याने स्वतःसाठी घेतला नाही. मला त्याचं मागणं फार मोलाचं वाटतं. एक डॉलर. कुणालाही उसना न घेता देता येईल इतकंच.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाची माफी मागितली आणि म्हटलं, हिशेब नीट करू. २०० तुझे, २,८०० माझे. तो दोन दिवस नाही म्हणत राहिला, तिसऱ्या दिवशी घेतले. ग्रुपवरही लिहिलं, की यापुढे अशी लिंक मी इथे टाकणार नाही.

धावण्याच्या दिवशी सीएसएमटीपाशी तुफान गर्दी होती. तो नट आला. लांबून हात हलवला. भाचीला त्याचा फक्त हात दिसला. मी विचारलं, वाईट वाटलं का? “थोडं वाटलं,” ती म्हणाली. मग लगेच, “मामा, आजींना पावती द्यायची राहिलीय, आठवण कर.”

ती नटासाठी निघाली आणि आजींच्या पावतीपाशी पोचली. मी सेवेसाठी निघालो होतो आणि स्वतःच्या कौतुकापाशी पोचलो. सुरुवात कुणाची चांगली होती, ते तुम्हीच ठरवा.

आजचा संकल्प : कुणाकडे चांगल्या कामासाठी काही मागण्याआधी पाहीन, की हा माणूस मला ‘नाही’ म्हणू शकतो का? म्हणू शकत नसेल, तर त्याच्याकडे मागणार नाही.

पांडुरंगा, आमच्या हातून देणं घडू दे, आणि आमच्या दडपणाखाली कुणाला द्यावं लागू नये, एवढं भान दे.

राम कृष्ण हरि.