खिन्न मन आणि आपली श्रद्धा



घरातला कुणी खिन्न होऊन बसला, त्याची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, की आपल्याकडे दोन बोलणी ऐकू येतात. 'याची प्रार्थना कमी पडते' आणि 'हे त्यांच्या घराण्यातच आहे.' पहिल्याने आजाऱ्याच्या माथी पाप लागते, दुसऱ्याने त्याची आशा खुंटते.

घराण्याचा वाटा असतो, हे खरे. जुळ्या भावंडांवरील अनेक अभ्यास २००० साली एकत्र तपासले गेले. नैराश्याचा धोका कुणाला कमी, कुणाला जास्त असतो, त्या फरकातला सुमारे ३७ टक्के वाटा अनुवंशाचा असल्याचे त्यांत दिसले. तोही एका जनुकाचा नसून अनेकांचा थोडा थोडा असतो. काहींचा स्वभाव जात्याच काळजी करणारा. त्यांना धोका अधिक. मेंदूतला भयाची सूचना देणारा भाग आणि तिला आवर घालणारा भाग यांचा मेळही अनेक आजाऱ्यांत बिघडलेला आढळतो. उरलेला वाटा आयुष्यातल्या घडामोडींचा.

आपण शेतकरी माणसे. एकाच पिशवीतले सोयाबीन पाणी साचलेल्या वावरात सडते आणि निचऱ्याच्या वावरात तरारते. बियाणे वाडवडिलांकडून येते. कर्ज, दुष्काळ, एकटेपणा ही भोवतालची जमीन. तिची मशागत आपल्या हाती आहे. अनुवंशाचा कल म्हणजे कपाळावरचा लेख नव्हे.

एलिया संदेष्टा कर्मेल डोंगरावर विजयी झाला आणि लगेच रानात जाऊन झुडपाखाली मरण मागू लागला (१ राजे १९). देवाने त्याला दटावले नाही. झोपू दिले, दूताकरवी दोनदा भाकर व पाणी दिले, मग पुढची वाट दाखवली.

ख्रिस्तसभेचीही हीच शिकवण आहे. १९९२ सालच्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २२८२-८३) म्हटले आहे की, मनाच्या गंभीर विकारामुळे आत्महत्या करणाऱ्याची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि अशांच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये. म्हणून अशा दुःखी घरासमोर कुजबुज नको. तेथे आपली प्रार्थना आणि सोबत पोहोचावी.

२०१५ साली शासनाने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आपला नांदेड जिल्हाही होता. २०२२ पासून १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते, मराठीतूनही. आजाऱ्याला मिस्सेला आणा, तसेच डॉक्टरांकडेही न्या. गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करू नका.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने अशा एका घरी जावे, एवढीच आमची विनंती. उपदेश मागाहून करता येईल; आधी त्यांच्यासोबत बसून भाकर खावी.

प्रभूच्या सेवेत आपला,
धर्मगुरू