तारीख चुकली म्हणून ओळखच तपासायची नाही?

चौघंही बसा. पेढ्यांचा डबा बंद करा. सकाळपासून तुमच्या प्रत्येकाच्या स्टेटसवर एकच ओळ झळकते आहे, ‘आम्हाला पेटंट मिळालं’, आणि खाली मार्गदर्शक म्हणून माझं नाव.

पेटंट मिळालेलं नाही. तुमचा अर्ज पेटंट कार्यालयाच्या साप्ताहिकात छापून आला आहे, एवढंच झालंय. अर्ज केला की अठरा महिन्यांनी तो छापला जातोच. फॉर्म ९ भरून जादा फी दिली तर महिन्याभरात छापतात. तोपर्यंत तुमच्या कामाकडे कोणी परीक्षकाच्या नजरेने पाहिलेलंही नसतं. परीक्षण हवं असेल तर फॉर्म १८ वेगळा भरावा लागतो, त्याला आता ३१ महिन्यांची मुदत आहे. मग परीक्षक आक्षेप काढतो, त्यांना लेखी उत्तरं द्यावी लागतात, ती पटली तर पेटंट. भरलात फॉर्म १८? तो भरायचा असतो हेसुद्धा तुमच्या एजंटने सांगितलं नाही, कारण त्याला छापून येण्यापुरतेच पैसे घ्यायचे होते, आणि ते त्याने नावागणिक घेतले. म्हणूनच चौघांच्या कामावर सात नावं आहेत. वरचे तिघं कोण? त्यांच्यापैकी एकाने तरी तुमचा कोड उघडून पाहिलाय का? ‘खरे आणि पहिले संशोधक’ असं त्या अर्जात तुम्ही लिहून दिलंय. कायद्यापुढे खोटं लिहून द्यायला विसाव्या वर्षी शिकलात, याचं मला फार वाईट वाटतं.

पण मी तुम्हाला बोलावलं ते यासाठी नाही. काल रात्री मी तुमचा सगळा कोड वाचला.

मोंढ्यात, म्हणजे बाजाराच्या आवारात, माल आणायची वेळ शेतकऱ्याला घरबसल्या ठरवता यावी, ही कल्पना चांगली आहे. गरजेचीही आहे. २०२५ च्या हंगामात सीसीआयने, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाने, ‘कपास किसान’ ॲप आणलं, आधारवर नोंदणी करायची आणि केंद्रावर कापूस आणायची तारीख आपणच निवडायची. मानवतचा, सेलूचा, जिंतूरचा कापूसवाला आता फोनवर तारीख धरतो. म्हणजे वेळापत्रक आणि ओळख पटवणं या दोन गोष्टींवर आपल्या परभणी जिल्ह्यातल्या माणसाचा हंगाम टेकलेला आहे. अशा ठिकाणी तुम्ही काय लिहून ठेवलंय?

सर्व्हरशी जोडणी करणाऱ्या फाइलमध्ये एक ओळ आहे, जिने सर्व्हरच्या प्रमाणपत्राची तपासणी बंद केली आहे. कोणी घातली ती? मला उत्तर माहीत आहे, कारण ती का घातली ते मी प्रयोगशाळेत जाऊन पाहिलं. तिसऱ्या रांगेतल्या संगणकाचा मदरबोर्डवरचा सेल संपलाय. वीज गेली की त्याची तारीख २००९ च्या जानेवारीवर जाते. सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर दोन तारखा असतात, कधीपासून वैध आणि कधीपर्यंत. यंत्राला वाटलं आत्ता २००९ चालू आहे, प्रमाणपत्र तर पुढच्या काळातलं, म्हणून त्याने जोडायला नकार दिला. अगदी योग्य नकार दिला. संदेशात स्पष्ट लिहिलं होतं, ‘अजून वैध झालेलं नाही’. तुम्ही तो संदेश वाचला नाही. एक व्हिडिओ पाहिला, त्यातली ओळ उचलली, चूक दिसेनाशी झाली, आणि तीच प्रत तुम्ही प्रदर्शनात शेतकऱ्यांच्या फोनवर घालून दिलीत.

चाळीस-पन्नास रुपयांचा सेल होता तो! घड्याळाकडे नुसतं पाहिलं असतं तरी पुरलं असतं.

आता त्या ओळीचा अर्थ ऐका. मोंढ्यातल्या चहाच्या टपरीवर कोणी फुकट वायफाय सुरू केलं आणि ‘तुमचा सर्व्हर मीच’ असं म्हणालं, तर तुमचं ॲप त्याला मान डोलावतं. शेतकऱ्याचा मोबाइल नंबर, खाते क्रमांक, ओटीपी, सगळं त्याच्या हातात. दारात येऊन ‘मी तलाठी’ म्हणणाऱ्या कोणालाही, चेहरा न बघता, घरातली सगळी कागदपत्रं काढून द्यावीत, तसं झालं हे. आणि अर्जाच्या पहिल्या दाव्यात तुम्ही काय लिहिलंय? ‘सर्व्हरच्या प्रमाणित ओळखीद्वारे सुरक्षित वेळापत्रक मिळवण्याची पद्धत’. जी तपासणी स्वतःच्या हाताने बंद केली, तिच्यावरच मालकी मागताय.

ओळख पटवणं सोपं असतं तर मोठ्या माणसांनी त्यावर वर्षं घातली नसती. १९७८ मध्ये रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी जाळ्यावरच्या दोन यंत्रांनी एकमेकांची खात्री कशी करावी याची पद्धत मांडली. मांडणी नेटकी होती. तीन वर्षांनी, १९८१ मध्ये, डेनिंग आणि साको यांनी तिच्यातलं भोक दाखवलं. जुनी, चोरलेली किल्ली कोणी नंतर पुन्हा पुढे केली, तर समोरच्याला ती आजची की गेल्या महिन्यातली हे कळायला मार्गच नव्हता. त्यांनी उपाय सांगितला तो काय? संदेशावर वेळ घाला. एमआयटीतल्या अथीना प्रकल्पात कर्बेरॉस ही ओळख पटवणारी व्यवस्था तयार झाली, तिने तो उपाय उचलला. आजही कर्बेरॉसमध्ये दोन यंत्रांच्या घड्याळांत साधारण पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की ते दार उघडत नाही. त्याच १९७८ च्या निबंधातली दुसरी एक पद्धत होती, तिच्यातली चूक तर १९९५ मध्ये गॅव्हिन लोवे यांना सापडली. सतरा वर्षं जगभरच्या हुशार माणसांनी ती वाचली होती आणि कोणाला दिसली नव्हती.

म्हणजे तारीख हा एक विषय आणि ओळख हा दुसरा, एक भाग तू कर, दुसरा मी करते, अशी जी वाटणी तुम्ही केलीत तिथेच चुकलात. यंत्राला आज कोणता दिवस आहे हे खरं माहीत नसेल, तर समोरचा खरा की खोटा हे त्याला ठरवता येत नाही.

पासवर्डचं तर मी बोलतच नाही. बोलते. टेबलात पासवर्ड जसेच्या तसे लिहिलेत. मॉरिस आणि थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये पासवर्ड कसा साठवू नये, त्यात ‘मीठ’, म्हणजे प्रत्येकासाठी वेगळी जादा अक्षरं, कसं घालावं, ते तोडायला मुद्दाम वेळ कसा लागावा, हे सगळं लिहून ठेवलं. दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात मी ते शिकवलं. तुमच्या वहीत आहे. शेतकरी सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतो, हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुमच्या वडिलांचे पासवर्ड तुम्हीच ठेवून दिलेत. तुमचं टेबल फुटलं तर फक्त मोंढ्याची वेळ जात नाही, त्याचं सगळंच जातं.

आता वेळापत्रकाकडे या. सर्व्हर तुम्ही फुकटचा घेतलाय, तो जागतिक वेळेवर चालतो, म्हणजे आपल्यामागे साडेपाच तास. पालमचा शेतकरी पहाटे पाच वाजता टेम्पो भरून ‘आजची वेळ’ बघतो तेव्हा तुमच्या सर्व्हरवर कालची रात्र असते. तो कालच्या तारखा दाखवतो. पहाटे साडेपाचच्या आधी तुमच्यापैकी कोणी ॲप उघडून पाहिलंच नाही. आणि वेळ कशी साठवलीत? ‘१०:००’ असा नुसता मजकूर. कुठली दहा? न्यू जर्सीतला मुलगा परभणीतल्या आईशी दर रविवारी बोलायचं ठरवतो, तिकडे मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ एक तास सरकतं. ती भेट तिकडच्या भिंतीवरच्या घड्याळाची की इकडच्या, हे नियमात लिहिलं नाही तर दोघांपैकी एक जण तासभर वाट बघत बसतो. हे सगळं १९९८ मध्ये आयकॅलेंडर या वेळापत्रकाच्या मानकात लिहिलं गेलं. २००९ मध्ये ते सुधारून पुन्हा आलं. वेळापत्रक सर्व्हरवर ठेवायचं, ओळख पटवून वाचायचं, बदलायचं, याचं कॅलडॅव्ह मानक २००७ चं आहे. ते कोणालाही फुकट वाचता येतं. तुमचे पहिले तीन दावे मी त्याच्या शेजारी ठेवून वाचले. तुमचं असं त्यात काही उरत नाही.

एजंटने तुम्हाला कलम ३ मधलं ‘के’ उपकलम सांगितलं नसेल. आपल्या पेटंट कायद्यात नुसता संगणक प्रोग्रॅम, गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, अल्गोरिदम यांना पेटंट नाही. म्हणून सॉफ्टवेअरला सगळं दार बंद आहे असंही नाही. २०१९ मध्ये फरीद अलानी यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की शोधाने तांत्रिक परिणाम साधला असेल तर केवळ तो प्रोग्रॅमवर चालतो म्हणून नाकारू नका. तर दाखवा ना तांत्रिक परिणाम. तुमच्या ॲपमुळे तांत्रिकदृष्ट्या काय बदललं? अर्जाच्या चौदा पानांत मला त्याबद्दल एकही वाक्य सापडलं नाही.

आणि खरा अवघड प्रश्न तुमच्या पुढ्यात पडला होता, तो तुम्ही ओलांडून गेलात. सुट्ट्यांच्या टेबलात पोळा ‘दर वर्षी याच तारखेला’ म्हणून टाकलाय. २०२५ मध्ये पोळा ऑगस्टमध्ये होता. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, पोळा सप्टेंबरमध्ये जातो. तुमचं ॲप ऐन पोळ्याच्या दिवशी माल आणायची वेळ देणार, ज्या दिवशी आपल्याकडे बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. शेतकऱ्याच्या लेकरांनी असं लिहावं?

आषाढीचं तेच. गंगाखेडला, जनाबाईच्या गावात, एकादशी कधी हे लोक पंचांगात बघतात, कारण तिथी सूर्योदयावर ठरते. कधी तिथीचा क्षय होतो, कधी वृद्धी, कधी स्मार्तांची एकादशी एक दिवस आणि भागवतांची दुसऱ्या. सूर्योदय गावागणिक बदलतो. आपलं प्रमाणवेळेचं रेखावृत्त साडेब्याऐंशी अंशांवर, परभणी पावणेसत्त्याहत्तरच्या आसपास. आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे २३ मिनिटं मागे चालतो. इतर कालगणनांतल्या आवर्तनांसाठी २०१५ मध्ये आयकॅलेंडरला जोड दिली गेली, अधिक महिन्याची सोयही केली, पण गावाच्या सूर्योदयावर ठरणारी तिथी त्या नियमात बसत नाही. इथे काम आहे.

ज्यांनी हे काम हाताने केलं ते तुमच्या-माझ्यासारखेच होते. शंकर बाळकृष्ण दीक्षित शिक्षक होते. १८९६ मध्ये त्यांचं ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ आलं आणि त्याच वर्षी रॉबर्ट सेवेलबरोबरचं ‘द इंडियन कॅलेंडर’, ज्यात इ.स. ३०० पासून १९०० पर्यंतची तिथी इंग्रजी तारखेत बदलायची कोष्टकं आहेत. सोळाशे वर्षांचा हिशेब, गणकयंत्राशिवाय. ते १८९८ मध्ये गेले, वयाची पंचेचाळीस वर्षं पूर्ण होण्याआधीच. तुमच्या हातातल्या फोनमध्ये त्यांच्या आयुष्यभराचा हिशेब क्षणात होईल, आणि तुम्ही पोळा हाताने टाइप केलात, तोही चुकीचा.

मी कठोर बोलतेय कारण तुम्हाला येतं. एकाच वेळेवर दोन शेतकऱ्यांची नोंद होऊ नये म्हणून तुम्ही जे कुलूपबंद व्यवहाराचं बांधकाम केलंय, ते मी तीनदा तपासलं. त्यात खोट नाही. ते कुठून उचललेलंही नाही, ते तुमचं आहे. तेवढं करता येणाऱ्या मुलांनी प्रमाणपत्राची तपासणी बंद करावी, हे मला सहन होत नाही.

आत्ताच्या आत्ता स्टेटस काढा. प्रदर्शनात ज्यांच्या फोनवर ॲप घातलं त्या प्रत्येकाला आज फोन करून ॲप काढायला सांगा, आणि तोच पासवर्ड दुसरीकडे असेल तर बदलायला सांगा. का, ते खरं सांगा. ती ओळ काढून टाका. पासवर्डचं टेबल आधी पुसा, मग नव्याने बांधा. अर्जातल्या तिघांच्या नावांचं काय करायचं ते उद्या प्राचार्यांसमोर लेखी ठरेल, मी सोबत असेन. सोमवारी मला पुढच्या वर्षीच्या पोळ्याची तारीख पंचांगाच्या गणिताने काढून दाखवा, परभणीच्या सूर्योदयासाठी, आणि दाते पंचांगाशी ताडून. आणि जाताना तिसऱ्या रांगेतल्या संगणकाचा सेल बदला.