दत्तकाचं वय

आमच्या भावकीतल्या एका विधवा आजीनं स्वातंत्र्याआधी दत्तक घेतला तो पंचविशीतला गडी. लगीन झालेला, पदरात दोन पोरं. आजी त्याच्याहून तीनच वर्षांनी मोठी. मुंबई इलाख्यात तेव्हा हे चालायचं. दत्तक वयानं आईबापाहून मोठा असला तरी कोर्ट मान्य करायचं. कारण दत्तक घ्यायचा तो वंशाला अन् मेल्यावर पाणी पाजायला. लेकरू हवं होतं कुणाला?

1956 च्या कायद्यानं यात फरक केला. रूढी नसेल तर दत्तक पंधराच्या आतलंच. बापानं मुलगी किंवा आईनं मुलगा घेतला तर दोघांत 21 वर्षांचं अंतर पाहिजे. मुलगी दत्तक घेता येऊ लागली तीही तेव्हापासून.

परवा पुतणी बार्शीहून शेतात आली. रडवेली. “तात्या, माझं वय 43, यांचं 45. बेरीज 85 च्या वर गेली, म्हणून तान्हं मिळणार नाही म्हणत्यात.”

मलाही राग आला. बैल घेताना दात बघतात, आता आईबापाचे बघायला लागले! पण रात्री ज्वारीला पाणी धरताना माझेच गुडघे बोलू लागले. तान्हं विशीत येईल तेव्हा जावई पासष्टीत. पूर्वी विचारायचे, म्हाताऱ्याला कोण बघणार? आता विचारतात, लेकराला कोण बघणार? हा सवाल खरा आहे. तरी मायेची बेरीज आकड्यात बसते का, हे मला अजून सुटलेलं नाही.

पुतणीकडं तीन वर्षांची पोर आली. मला आजोबा म्हणत नाही, नुसतं ‘ओ’ म्हणते. म्हणू द्या. तिलाही वेळ पाहिजे.