रसिकांचें वेड

जगांत वेड कोणाला नाहीं? कोणाला गाण्याचें असतें, कोणाला क्रिकेटचें, कोणाला जुन्या नाण्यांचें, तर कोणाला नुसतें द्रव्य सांठविण्याचें. आमची मराठी भाषा या बाबतींत मोठी समंजस आहे. रोगालाहि तिनें 'वेड' म्हटलें आणि रुचीलाहि 'वेड'च म्हटलें. प्रसंगीं कोणता अर्थ घ्यावयाचा तें ऐकणाराच्या विवेकावर सोपविलें. इंग्रजींतील एका शब्दाची कथा याहून चमत्कारिक आहे. अमेरिकेंतील जत्रांच्या तंबूंत जिवंत कोंबडीची मान दांतांनीं तोडून लोकांना किळस आणणारा जो दुर्दैवी खेळवाला असे, त्याला 'गीक' म्हणत. पुढें पुस्तकांत किंवा यंत्रांत डोकें खुपसून बसणाऱ्या एकलकोंड्या मुलांना वर्गबंधु याच नांवानें चिडवूं लागले. आणि आज विज्ञानकथा, चित्रकथा, संगणकावरील खेळ व काल्पनिक राज्यांचे इतिहास यांत रमलेले लक्षावधि स्त्रीपुरुष तें नांव आपण होऊन धारण करतात.

या मंडळींची करमणूक पाहून पुष्कळ शहाण्या माणसांच्या कपाळास आंठ्या पडतात. वयांत आलेल्या व शिकलेल्या माणसानें एखाद्या कल्पित पात्रासाठीं वेळ, पैसा व मन खर्च करावें, त्याचा वेष चढवून चारचौघांत मिरवावें, यांत कांहीं गैर आहे काय? आणि गैर असेल, तर तें नेमकें कोठें आहे? हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु ज्या घरांत पंधरासोळा वर्षांचें मूल आहे, त्या घरांत तो आज ना उद्यां उपस्थित झाल्यावांचून राहत नाहीं. म्हणून त्याचा थोडा शांतपणें विचार करावा असें आम्हांस वाटतें.

पहिला आक्षेप हास्यास्पदतेचा आहे, आणि त्याचें निरसन सोपें आहे. बालगंधर्वांचें पद ऐकण्यासाठीं रात्र जागविणाऱ्या, 'वन्स मोअर'चा गजर करून नाटक लांबविणाऱ्या मागच्या पिढीला आम्ही रसिक म्हणतों. त्यांच्या भूमिकेंतील लुगडीं-दागिन्यांचें अनुकरण घरोघर झालें, तेंहि आम्ही कौतुकानें सांगतों. 'कॉमिक कॉन' हा मेळा २०११ सालीं दिल्लीस प्रथम भरला व पुढें मुंबईसहि येऊं लागला. त्या मेळ्यास पुठ्ठ्याचें चिलखत घालून जाणाऱ्या मुलाला मात्र आम्ही पोरकट ठरवितों. दोहोंतील अंतर सवयीचें आहे. ज्या वेडाला पन्नास वर्षें झालीं, त्याला परंपरा म्हणतात. जें काल सुरू झालें, त्याला चाळे म्हणतात. एवढ्या आधारावर नीतीचा निर्णय देतां येणार नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो असा कीं, कल्पिताच्या अति सहवासानें माणूस सत्याला पारखा होतो. येथें आमच्याच साहित्यशास्त्रांतील एक विचार उपयोगी पडतो. १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनांत अध्यक्षपदावरून बोलतांना न. चिं. केळकर यांनीं 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशीं एकरूप होतो, पण आपलें मीपण गमावीत नाहीं. या दुहेरी अवस्थेंतच वाङ्मयानंद आहे, असा तिचा आशय. १९३९ च्या जुलैंत न्यूयॉर्क येथें विज्ञानकथांच्या चाहत्यांचें पहिलें जागतिक संमेलन भरलें. सुमारें दोनशें माणसें जमलीं. त्यांत फॉरेस्ट अकरमन हा तरुण व त्याची मैत्रीण मर्टल डग्लस हीं दोघें भविष्यकाळांतील माणसांचा पोशाख करून आलीं होतीं. ते कपडे मर्टलनेंच शिवले होते. आपण भविष्यांतून आलों आहों असा तिचा भ्रम झाला असेल काय? भ्रमिष्टाच्या हातून इतकी सफाईची शिवण होत नाहीं! कोणता टांका कोठें घालावयाचा हें जाणणारी बुद्धि पूर्ण जागी ठेवूनच ती दुसऱ्या जगांत शिरली होती. आमच्याकडील बहुरूपीहि सकाळीं पोलीस होतो व सायंकाळीं आपल्या घरीं जेवतो.

हें मीपण जागें आहे कीं नाहीं, हें ओळखण्याची एक खूण आहे. ती म्हणजे विनोद. या मंडळींच्या रंगभूमीकडे पाहिलें तर ती बहुतेक विनोदी आहे, हा योगायोग आम्ही समजत नाहीं. १९७३ सालीं लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहाच्या माडीवर रिचर्ड ओब्रायन याचें 'रॉकी हॉरर शो' हें संगीत प्रहसन सुरू झालें. जुन्या भयपटांची व अवकाशपटांची ती थट्टा होती, आणि थट्टा करणारा त्या चित्रांवर मनापासून लुब्ध होता. १९७५ सालीं त्याचा चित्रपट निघाला तो प्रथम पडला. परंतु १९७६ पासून न्यूयॉर्कच्या एका चित्रगृहांत तो मध्यरात्रीं दाखवूं लागले, तेव्हां प्रेक्षक पात्रांचे वेष करून येऊं लागले, पडद्यावरील वाक्यांना मोठ्यानें उत्तरें देऊं लागले, लग्नाच्या प्रसंगीं तांदूळहि उधळूं लागले. १९७९ सालीं केन कँपबेल यानें डग्लस ॲडम्सची 'हिचहायकर्स गाइड' ही विनोदी अवकाशकथा लंडनमध्यें रंगभूमीवर आणली, तेव्हां प्रेक्षकांनाच हवेच्या गादीवर तरंगणाऱ्या चौथऱ्यावर बसवून इकडून तिकडे फिरविलें. २००९ सालीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं हॅरी पॉटरच्या कथांवर एक संगीत विडंबन रचलें; तें यूट्यूबवर लाखों लोकांनीं पाहिलें. आपल्या दैवताला हंसतां येणें हें विकल्प शाबूत असल्याचें लक्षण होय. ज्या दिवशीं चाहत्याला आपल्या आवडत्या कथेविषयींचा विनोद असह्य होतो, त्या दिवशीं घरच्यांनीं काळजी करावी; त्यापूर्वीं नव्हे.

येथपर्यंत आम्ही या रसिकांची बाजू घेतली. पण तिसरा आक्षेप असा आहे कीं, त्यापुढें त्यांनाहि मान खालीं घालावी लागेल. हा आक्षेप हक्काचा आहे. प्रेमानें हक्क उत्पन्न होतो काय, आणि झाला तर किती?

शेरलॉक होम्सचा कर्ता कॉनन डॉइल आपल्या मानसपुत्राला कंटाळला होता. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या अधिक मोलाच्या, असें त्याचें मत होतें. १८९३ च्या डिसेंबरांत त्यानें स्वित्झर्लंडमधील एका धबधब्यांत होम्सला लोटून दिलें. वाचकांनीं आकांत केला. एका बाईनें तर पत्राच्या आरंभींच त्याला पशु म्हणून संबोधिलें. दहा वर्षांनीं, १९०३ सालीं, होम्स जिवंत परत आला. पुढें १९६८ सालीं 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन दूरदर्शन-मालिका बंद पडण्याच्या बेतांत होती, तेव्हां ट्रिंबल नांवाच्या पतिपत्नींनीं चाहत्यांकडून पत्रांचा पाऊस पाडला. मालिकेला आणखी एक हंगाम मिळाला. १९६९ सालीं ती संपलीच. या दोन्ही प्रसंगीं रसिकांनीं विनविलें, रागेजले, आणि लिहिणाराच्या हातांत लेखणी तशीच राहिली. यांत अन्याय आम्हांस दिसत नाहीं. ऐकणारावांचून कथा पुरी होत नाहीं, तेव्हां ऐकणाराला बोलण्याचा हक्क आहेच.

परंतु बोलण्याचा हक्क व हुकूम सोडण्याचा हक्क यांत अंतर आहे, आणि तें आज पुष्कळदां विसरलें जातें. केली मेरी ट्रॅन ही नटी २०१७ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटांत एका नव्या भूमिकेंत आली. तें पात्र कांहीं चाहत्यांना रुचलें नाहीं. न रुचणें हा त्यांचा अधिकार होता. पण त्यांनीं तिच्या वंशावरून व रूपावरून तिला इतकें छळलें कीं, २०१८ सालीं तिनें इन्स्टाग्रामवरील आपलें सारें लिखाण व चित्रें काढून टाकलीं. शत्रूच्या पोशाखांतील माणसांतहि चांगुलपणा शोधावा, असें ज्या कथेनें दोन पिढ्यांना शिकविलें, तिच्याच नांवानें हें घडलें. पात्रावर प्रेम करणाऱ्यांना तें पात्र रंगविणारी जिवंत स्त्री दिसेनाशी झाली! सविकल्प समाधींतला विकल्प येथें सुटला. पुठ्ठ्याचें चिलखत घालणाऱ्या मुलाला आम्ही वेडा म्हणत होतों. आमच्या मतें खरा भ्रमिष्ट तो, जो साध्या कपड्यांत आपल्या खोलींत बसून परक्या मुलीला शिव्या लिहितो, कारण तिच्या दुःखापेक्षां एका कल्पित राज्याची शुद्धता त्याला अधिक खरी वाटते.

या दोषाचें बीज जुनें आहे. १९३९ च्या ज्या पहिल्या संमेलनाचा उल्लेख आम्ही वर केला, त्याच्याच दारांत सहा तरुणांना अडविण्यांत आलें. ते प्रतिस्पर्धी मंडळाचे होते, आंत येऊन गोंधळ घालतील अशी चालकांना भीति होती. त्यांतील फ्रेडरिक पोल व डोनाल्ड वोलहाइम हे पुढें विज्ञानकथेच्या क्षेत्रांत लेखक व संपादक म्हणून नामांकित झाले. ज्यांना सारें जग हंसत होतें, अशा अवघ्या दोनशें माणसांनीं एकत्र येतांच पहिल्याच दिवशीं आपल्यांतील सहांना बाहेर ठेवलें. उपहास सोसल्यानें माणूस आपोआप उदार होतो अशी आमची समजूत असते. ती खरी नाहीं. पुष्कळदां तो आपल्याहून दुबळा कोणी सांपडतो काय हें पाहूं लागतो. 'तूं खरा चाहता असशील तर अमुक ग्रहाचें नांव सांग,' अशी परीक्षा घेणारे, आणि विशेषेंकरून मुलींची परीक्षा घेणारे, या मेळ्यांतून आजहि भेटतात. सोंवळ्याओंवळ्याचा हा प्रकार आपणां महाराष्ट्रीयांस ओळखण्यास कठीण जाऊं नये.

उलट दिशेचींहि उदाहरणें आहेत. १९७२ च्या जानेवारींत न्यूयॉर्कला 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांचा मोठा मेळा भरला. कांहीं शें माणसें येतील असा अंदाज होता. तीन हजारांहून अधिक आलीं. १९७५ सालीं टोकियोंत 'कॉमिकेट' हा बाजार सुरू झाला. तेथें हौशी मंडळी स्वतः काढलेल्या चित्रकथा विकावयास आणतात. आरंभीं बत्तीस मंडळें व सुमारें सातशें माणसें होतीं, पुढें ती संख्या लाखांवर गेली. त्या बाजाराचें एक तत्त्व मोठें सुंदर आहे. तेथें 'गिऱ्हाईक' कोणी नाहीं. विकणारा, घेणारा व व्यवस्था ठेवणारा हे सारे सहभागीच मानले जातात. हक्काच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस येथें सांपडतें. मूळ लेखकाची कथा तुम्हांस पटली नाहीं ना? मग तुमची निराळी लिहा, चितारा, रंगभूमीवर आणा, हवी तर थट्टा करा. प्रेमाचा हक्क नवें निर्माण करण्यापुरता आहे. दुसऱ्याच्या मानेवर बसण्यापुरता नाहीं.

आतां या मेळ्यांचें नवें रूप पाहूं. २०२० सालीं साथीमुळें सभामंडप ओस पडले. सॅन डिएगोचा कॉमिक कॉन १९७० सालीं सुमारें तीनशें माणसांनिशीं सुरू झाला होता व लाखाच्या वर गेला होता. त्या वर्षीं तो पडद्यावरच भरला. न्यूझीलंडमध्यें व्हावयाचें विज्ञानकथांचें जागतिक संमेलनहि आंतरजालावरच पार पडलें. जिन्यावर अवचित पडणारी गांठ, एकाच पात्राचा वेष केलेल्या दोन अनोळखी माणसांनीं एकमेकांस पाहून हंसणें, हें त्यांत नव्हतें; तें नुकसान लहान नाहीं. पण ज्याला विमानाचें भाडें परवडत नाहीं, जी आजाऱ्याची उशी सोडून जाऊं शकत नाहीं, जो चाकांच्या खुर्चीमुळें गर्दींत शिरूं शकत नाहीं, त्यांच्यासाठीं दार प्रथमच उघडलें. परंतु ज्या पडद्यानें हें दार उघडलें, त्याच पडद्याआड बसून त्या नटीला शिव्या देणारेहि लपले होते. साधन दोहोंकडे सारखेंच चालतें. तेव्हां दोष किंवा श्रेय त्याच्या पदरीं न बांधतां तें वापरणाराच्या पदरीं बांधावें हें बरें.

तेव्हां घरांतील वडील मंडळींनीं काय करावें? मुलाच्या भिंतीवरील चित्रें पाहून त्याच्या बुद्धीची किंमत करूं नये, एवढें आम्ही प्रथम सुचवितों. त्यापेक्षां तीन गोष्टी पाहाव्या. तो नुसतें विकत घेतो, कीं स्वतः कांहीं करतो? आपल्या आवडीवरील विनोद त्याला सोसतो काय? आणि आपल्या मंडळांत नवखा कोणी आला, तर हा त्याला जागा देतो, कीं परीक्षा घेतो? पहिलींत तो उणा असेल, तर त्याच्या हातीं कागद, रंग, सुईदोरा द्यावा. दुसरींत उणा असेल, तर त्याच्याबरोबर हंसावें, त्याला हंसूं नये. तिसरींत उणा असेल, तर मात्र त्याला स्पष्ट शब्दांत समज द्यावी. कारण ती खोड कथांची नव्हे, माणसाची आहे, आणि कथा सुटल्या तरी ती त्याच्याबरोबर कचेरींत, संसारांत व समाजांत जाईल.